पुणेरी पाटी आणि पेट्रोलचा भाव

पुण्याच्या पेठांमध्ये घराच्या दारावर, वाड्याच्या भिंतीवर किंवा दुकानाच्या गल्ल्यामागे टांगलेली जी सूचना ‘पुणेरी पाटी’ या नावाने ओळखली जाते, तिची गणना आज विनोदी वाङ्मयात होते, आणि तिचा विचारही बहुधा स्वभावाच्या अंगाने, म्हणजे पुणेकर खोचक, काटकसरी किंवा स्पष्टवक्ता असतो हे सिद्ध करण्यासाठी केला जातो. पाटीवरील मजकूर क्षणभर बाजूला ठेवून ती कोठे लावली आहे आणि कोणाला उद्देशून लावली आहे एवढेच पाहिले, तर मात्र निराळे चित्र दिसू लागते. दारासमोर वाहन लावू नये, फाटक अडवू नये, भिंतीला सायकल टेकवू नये, लावल्यास हवा सोडण्यात येईल, अशा वाहनविषयक पाट्यांचा वर्ग एवढा मोठा आहे की त्यांच्यापुढे दुपारी एक ते चार या वेळेत दुकान बंद असल्याचे सांगणारी सुप्रसिद्ध पाटी किरकोळ ठरावी. या पाट्यांचा इतिहास म्हणूनच स्वभावाचा कमी आणि रहदारीचा अधिक आहे, व रहदारीचा इतिहास लिहिताना इंधनाचा भाव वगळता येत नाही. तेल महागले की रस्त्यावरील वाहने कमी होतील ही सर्वसाधारण अपेक्षा पुण्याने वेळोवेळी खोटी ठरवली. येथे तेल महागले तेव्हा वाहनाचा आकार लहान झाला, आणि लहान वाहन अरुंद बोळातून थेट उंबरठ्यापर्यंत येऊ शकत असल्याने दारावरच्या सूचनेला नवे काम मिळाले.

पेशवाईतील पुण्यात लिखित सार्वजनिक सूचनेला फारसा वाव नव्हता. शहराचा बंदोबस्त कोतवालाकडे असे, रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर फिरण्यास मनाई असे, आणि हुकूम लोकांपर्यंत पोहोचवायचा तो दवंडी पिटून, म्हणजे ढोल वाजवीत पेठोपेठी ओरडून सांगून पोहोचवला जाई. कारभाराचे लेखन मोडी लिपीत होत असले, तरी मोडी ही जलद लिहिण्याची, कागदावरची आणि कारकुनांनी कारकुनांसाठी वापरायची लिपी होती. दुरून वाचता येईल असा ठसठशीत मजकूर लिहायचा तर बाळबोध, म्हणजे आजची देवनागरी, हवी होती आणि ती वाचणारे लोक पुरेशा संख्येने हवे होते. पाटी जन्माला येण्याची ही पहिली अट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुरी झाली. १८५८ मध्ये मुंबईहून आलेली आगगाडी, त्याच सुमारास स्थापन झालेली नगरपालिका, छापखाने, १८८० चे न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ चा ‘केसरी’ यांनी मिळून पुण्यात असा वाचकवर्ग तयार केला, जो भिंतीवर काही लिहिलेले दिसले की ते वाचल्याशिवाय पुढे जात नसे. वाचणारा आहे याची खात्री असल्याखेरीज कोणी पाटी रंगवून घेत नाही, ही गोष्ट साधी असली तरी पुणेरी पाटीच्या कौतुकात ती सहसा विसरली जाते.

दुसरी अट वाड्याने पुरी केली. वाडा म्हणजे एक किंवा अधिक चौकांभोवती बांधलेले, जाड भिंतींचे आणि भक्कम दरवाजाचे घर. मूळचा एका कुटुंबाचा हा निवारा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बिऱ्हाडांनी भरून गेला. एकच दरवाजा, एकच नळ, एकच जिना आणि एकच बोळ यांवर अनेक कुटुंबांचा हक्क सांगितला जाऊ लागला, तेव्हा कोणत्या वेळी पाणी येईल, चपला कोठे काढाव्यात, कोणाच्या खोलीचा दरवाजा किती वेळा ठोठावावा, याविषयी लेखी नियम करावे लागले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडे मुख्यतः १९४० च्या सप्टेंबरमधील पातळीवर गोठवले व भाडेकरूला घराबाहेर काढणे अवघड केले, तेव्हा मालक आणि भाडेकरू एकमेकांशी न बोलता एकाच छपराखाली वर्षानुवर्षे राहू लागले. बोलणे बंद झालेल्या दोन पक्षांमध्ये संवादाचे जे साधन उरते ते लेखी असते, आणि ते तिसऱ्यालाही वाचता यावे, म्हणजे साक्षीदार तयार व्हावा, अशी लिहिणाऱ्याची इच्छा असते. पत्र्याच्या तुकड्यावर पेंटरकडून रंगवून घेतलेली किंवा फळ्यावर खडूने लिहिलेली सूचना या गरजेला नेमकी पुरी पडली.

पाटीची भाषा याच परिस्थितीतून घडली. तिच्यात ‘मी’ नसतो, ‘तुम्ही’ही क्वचितच असतो, ‘नये’, ‘यावे’, ‘येईल’ अशा कर्ता लपवणाऱ्या क्रियापदांवर ती उभी असते. ही भाषा सरकारी कचेरीतील परिपत्रकाची आहे, आणि पेन्शनर, शिक्षक व कारकून यांचे प्राबल्य असलेल्या शहरात ती आयुष्यभर लिहिण्याची सवय असलेले हात भरपूर होते. पाटी वाचताना हसू येते त्याचे मुख्य कारण हे आहे की संस्थानाचे फर्मान शोभावे असा कडक आदेश तीन फूट रुंदीच्या दारासाठी काढलेला असतो. तो लिहिणाऱ्याला विनोद अभिप्रेत असेच असे नाही. किंबहुना जुन्या, खऱ्याखुऱ्या पाट्यांपैकी पुष्कळ अत्यंत गंभीरपणे लिहिलेल्या आहेत, आणि त्यांच्यावर हसणारा वाचक नंतरच्या पिढीचा आहे.

वाहनांपुरते बोलायचे तर या दाराशी पहिले भांडण सायकलीने केले. टांगा दारात येई, उतारू उतरले की निघून जाई, आणि मोटार फारच थोड्यांकडे होती. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण येऊन ते शिधापद्धतीने मिळू लागले, तेव्हा त्या थोड्यांचीही पंचाईत झाली आणि देशात काही बस व मोटारी कोळशापासून तयार होणाऱ्या वायूवर चालवल्या गेल्या. सायकलीला यातले काहीच लागत नव्हते. सपाट भूभाग, मध्यम अंतरे आणि नोकरदार वस्ती यांमुळे पुणे ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. तासावर भाड्याने सायकल देणारी दुकाने पेठोपेठी निघाली, कर भरल्याची खूण म्हणून सायकलीवर बिल्ला लावावा लागे, रात्री दिवा नसेल किंवा पुढे-मागे कोणाला बसवून ‘डबलसीट’ जात असेल तर पोलीस अडवीत. सायकल जेथे जाई तेथे कोठेतरी टेकवावी लागे, व टेकवण्यासाठी सर्वांत सोयीची जागा दुसऱ्याच्या घराची भिंत ही असे. चुन्याच्या भिंतीवर हँडलचे ओरखडे आणि टायरचे काळे पट्टे उमटत, आणि ‘येथे सायकल टेकवू नये’ ही पाटी उमटे. पुढील सर्व वाहनविषयक पाट्यांचा साचा या एका ओळीत तयार आहे.

सायकलीकडून स्कूटरकडे झालेले स्थित्यंतर केवळ हौसेचे नव्हते, त्यामागे शहराच्या विस्ताराचा रेटा होता. १९५० च्या दशकात पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला आणि त्यानंतर पिंपरी-चिंचवड पट्ट्यात उद्योगांची रांग लागली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून आलेल्या पुराने नदीकाठच्या पेठांतील वाडे उद्ध्वस्त केले, व पूरग्रस्तांच्या वसाहती पूर्वीच्या शहरसीमेच्या कडेला वसल्या. ज्याचे घर शनिवार पेठेत आणि नोकरी कचेरीत होती त्याला सायकल पुरत होती, पण घर सहकारनगरला आणि कारखाना आकुर्डीला गेल्यावर ती पुरेनाशी झाली. नेमक्या याच काळात स्कूटरही पुण्याच्या दाराशीच तयार होऊ लागली होती. बजाज ऑटो या कंपनीला १९५९ मध्ये दुचाकी व तीनचाकी वाहने बनवण्याचा परवाना मिळाला, १९६० पासून इटलीच्या पियाजिओ कंपनीशी तांत्रिक सहकार्य सुरू झाले, आणि १९७१ मध्ये तो करार संपल्यावर कंपनीने १९७२ मध्ये राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव दिलेली ‘चेतक’ बाजारात आणली. त्याच वर्षी पुण्याच्याच फिरोदिया घराण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ‘लूना’ काढली. लूना ही मोपेड होती, म्हणजे पन्नास घनसेंटिमीटर क्षमतेचे छोटे इंजिन आणि पायाने मारायची पॅडले दोन्ही असलेले, सायकल व स्कूटर यांच्या मधले वाहन, आणि पेट्रोल संपलेच तर पॅडल मारीत घर गाठता येण्याची त्यात सोय होती.

या वाहनाला लवकरच जगाच्या राजकारणाने गिऱ्हाईक मिळवून दिले. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटल्यावर तेल उत्पादक अरब देशांनी पुरवठ्यावर निर्बंध घातले आणि पिंपाला सुमारे ३ डॉलर असलेला कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत ११ डॉलरांच्या पुढे गेला. भारतात पेट्रोलची भाववाढ एवढी झोंबली की १२ नोव्हेंबर १९७३ रोजी अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. परदेशी तेल कंपन्यांचे राष्ट्रीयीकरणही याच दशकातले: एस्सोपासून १९७४ मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियम आणि बर्मा-शेलपासून १९७६ मध्ये आजची भारत पेट्रोलियम तयार झाली, व पंपांवरील जुने शिंपले आणि परदेशी नावे उतरून नव्या नावांचे फलक चढले. मोटार ठेवण्याचा विचार करणारा मध्यमवर्गीय या भाववाढीने स्कूटरवर थांबला, स्कूटरचा विचार करणारा लूनाकडे वळला, आणि सायकलवाल्याला आपली पुढची पायरी पहिल्यांदाच परवडण्याजोगी दिसू लागली. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, काही ठिकाणी दहा वर्षांपर्यंतही. तरीही नोंदणीच्या रांगा कमी झाल्या नाहीत.

दोन-स्ट्रोक इंजिनाच्या या गाड्यांनी पेट्रोलविषयीचा एक संपूर्ण घरगुती आचारधर्म निर्माण केला. पेट्रोलमध्ये ठरलेल्या प्रमाणात ‘टू-टी’ ऑईल मिसळून घ्यावे लागे, टाकीतील पेट्रोल संपत आले की खालचा कॉक फिरवून गाडी ‘रिझर्व्ह’ला घ्यावी लागे, म्हणजे राखून ठेवलेल्या शेवटच्या साठ्यावर चालवावी लागे, आणि तोही संपल्यावर स्कूटर एका बाजूला पूर्ण आडवी करून कोपऱ्यात उरलेले चार थेंब इंजिनाकडे ढकलण्याचा सार्वजनिक विधी पार पाडावा लागे. एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते त्याला मराठीत रूढ झालेला शब्द ‘ॲव्हरेज’ हा असून, स्थळाच्या चौकशीत पगार विचारावा तितक्या सहजतेने तो विचारला जाऊ लागला. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणे, चौकात दिवा लाल असताना इंजिन थांबवणे, हे उपाय रूढ झाले, आणि त्यांतला दुसरा पुढे सरकारी प्रचाराचाही भाग झाला; १९७८ मध्ये इंधनबचतीसाठी पीसीआरए ही संस्था स्थापन झाल्यावर सिग्नलला इंजिन बंद ठेवावे असे सांगणारे फलक देशभर दिसू लागले. पुणेकरांना यात नवीन काही शिकण्यासारखे होते असे वाटत नाही.

जे वाहन रस्त्यावर ॲव्हरेज देई, त्याला घरी जागा मात्र लागे. वाड्याच्या मोठ्या दरवाजातील ‘दिंडी’, म्हणजे एका माणसाने वाकून आत जाण्याइतका लहान दरवाजा, सायकलीला कशीबशी पुरे. स्कूटरला ती पुरेना, आणि चौकात गाडी ठेवायची तर आधी इतर बिऱ्हाडांची संमती लागे. परिणामी गाडी रस्त्यावर, आणि शेजाऱ्याच्या दारासमोर, उभी राहू लागली. ‘हवा सोडण्यात येईल’ ही पाटी या टप्प्यावरची आहे, आणि एक कायदेशीर दस्तऐवज म्हणून ती जरा बारकाईने वाचण्यासारखी आहे. दारासमोरचा रस्ता सार्वजनिक असतो, त्यावर घरमालकाचा मालकीहक्क नसतो. ये-जा करण्यास अडथळा होत असेल तर त्याची दाद पोलिसांकडे किंवा महापालिकेकडे मागायची असते. दुसऱ्याच्या चाकातील हवा सोडणे हे उलट पूर्वीची भारतीय दंडसंहिता जिला ‘आगळीक’ म्हणत असे, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेचे जाणूनबुजून केलेले नुकसान, तिच्या फार जवळ जाणारे कृत्य आहे. पाटी लावणारा स्वतःच नियम करतो, स्वतःच शिक्षा ठरवतो आणि त्या शिक्षेची लेखी पूर्वसूचना देऊन आपण न्यायाने वागल्याचे समाधानही मिळवतो. शिक्षेची निवडही विचारपूर्वक केलेली दिसते: हवा पुन्हा भरता येते, त्यामुळे कायमची हानी होत नाही, पण गाडी ढकलत पंक्चरच्या दुकानापर्यंत न्यावी लागते आणि तेवढ्या वाटेत सर्व पेठ पाहते.

जगातील इतर प्रसिद्ध रस्तापाट्यांशी तुलना केली म्हणजे हे वेगळेपण ठळक होते. अमेरिकेत १९२५ पासून १९६३ पर्यंत बर्मा-शेव्ह या दाढीच्या क्रीमच्या कंपनीने महामार्गांच्या कडेला एकामागून एक लहान फलक लावून एकेक ओळीने गमतीदार यमके वाचायला लावली. ती धावत्या मोटारीतून वाचण्यासाठी होती, आणि मोटारींचा वेग वाढला, रस्ते रुंदावले, तशी ती वाचणे कठीण होत गेले. लडाखच्या डोंगरी रस्त्यांवर सीमा सडक संघटनेने लावलेले इंग्रजी विनोदी फलक किंवा महाराष्ट्रातील घाटांत व एसटीच्या पाठीवर दिसणारी ‘अति घाई संकटात नेई’, ‘मनाचा ब्रेक उत्तम ब्रेक’ ही वचने यांचाही वाचक चालत्या वाहनात असतो, आणि म्हणून ती दोन-चार शब्दांत आटोपतात. पुणेरी पाटीचा वाचक गाडी थांबवून ती स्टँडवर चढवण्याच्या बेतात असतो. त्याला वेळ आहे हे गृहीत धरून पाटीत अट, अपवाद, वेळापत्रक आणि परिणाम यांची चार-पाच उपवाक्ये सामावलेली असतात, व एका वाक्यात सर्व पळवाटा बंद करण्याची जी धडपड तिच्यात दिसते ती चांगल्या वकिलाच्या मसुद्याची आठवण करून देते.

ट्रकच्या पाठीवरील लेखनाची परंपरा मात्र थेट इंधनाशी जोडली गेली आहे, निदान लोकांच्या समजुतीत तरी. ‘हॉर्न ओके प्लीज’ यातील ‘ओके’ हे महायुद्धाच्या काळात ट्रक रॉकेलवर चालत असल्याची धोक्याची सूचना होती असे एक मत आहे, तर ते टाटांच्या एका साबणाच्या जाहिरातीतून आले असे दुसरे. दोन्ही गोष्टी ऐकायला उत्तम आहेत आणि दोन्हींना भक्कम आधार नाही. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये या शब्दांना बंदी केली, कारण त्यांमुळे अकारण भोंगा वाजवण्यास प्रोत्साहन मिळते असे मानले गेले. बंदीनंतरही अनेक ट्रक ते शब्द मिरवीत हिंडताना दिसतात.

इंधनाचा भाव हीसुद्धा दीर्घकाळ एक पाटीच होती, आणि तिचा स्वभाव दारावरच्या पाटीसारखाच स्थिर होता. तेलाच्या किमती ठरवण्याची ‘प्रशासित किंमत पद्धती’, म्हणजे बाजारभाव काहीही असला तरी पंपावरील दर केंद्र सरकारने ठरवण्याची व्यवस्था, असेपर्यंत दर क्वचित आणि एकदम बदलत. त्यामुळे पंपावरचा दरफलक रंगाने रंगवून ठेवला तरी चाले. भाववाढीची बातमी रात्रीच्या बातम्यांत आली की मध्यरात्रीपूर्वी टाकी भरून घेण्यासाठी पंपावर रांगा लागत, आणि ‘पेट्रोल संपले आहे’ ही खडूने लिहिलेली पाटी झळके. ती खरी आहे की उद्याच्या भावाने विकण्यासाठी लावली आहे यावर रांगेत वाद होई. १९९० च्या आखाती संकटात केंद्राने पेट्रोलियम पदार्थांवर खास अधिभार लावला तेव्हाही हे चित्र दिसले. प्रशासित किंमत पद्धती १ एप्रिल २००२ पासून औपचारिकपणे मोडीत निघाली, जून २०१० मध्ये पेट्रोलचा आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव सरकारी नियंत्रणातून मुक्त झाला, आणि १६ जून २०१७ पासून दर रोज सकाळी सहा वाजता बदलू लागले. रंगवलेला फलक त्या दिवशी निरुपयोगी झाला व त्याची जागा आकडे बदलता येणाऱ्या पट्ट्यांनी आणि विजेच्या अंकांनी घेतली. रोजच्या काही पैशांच्या बदलाने मध्यरात्रीची रांगही संपली, कारण रांगेत उभे राहून वाचणारी रक्कम रांगेत इंजिन चालू ठेवण्यात खर्च होऊ लागली.

भावात स्थानिक फरक का पडतो हे ग्राहकाला अनेकदा कळत नाही. पेट्रोलच्या किमतीत केंद्राचे उत्पादन शुल्क, राज्याचा मूल्यवर्धित कर, विक्रेत्याचे कमिशन आणि डेपोपासूनची वाहतूक हे घटक असतात, आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा पेट्रोल-डिझेल त्याबाहेरच ठेवले गेले. पुण्याला तेल मुंबईहून नळमार्गाने लोणी काळभोरपर्यंत येते, म्हणून येथे वाहतुकीचा भार कमी पडतो. मनमाड परिसरातील डेपोपासून दूर असलेल्या परभणीचा दर त्याच कारणाने राज्यात सर्वाधिकांपैकी असतो. मे २०२० मध्ये कच्चे तेल स्वस्त असताना केंद्राने पेट्रोलवरील शुल्क लिटरमागे ३२.९८ रुपयांपर्यंत नेले, आणि पुढे कच्चे तेल चढले तेव्हा मे २०२१ च्या अखेरीस मुंबईत व पाठोपाठ पुण्यात पेट्रोलने शंभरी ओलांडली. मध्य प्रदेशात त्याआधीच, उच्च प्रतीचे पेट्रोल शंभरावर गेले तेव्हा, काही जुन्या यंत्रांना दराच्या रकान्यात तिसरा आकडा दाखवता येईना म्हणून विक्री थांबवावी लागली होती. यंत्र बनवणाऱ्यांच्या कल्पनेत तो आकडा आलाच नव्हता.

पंपावरील उरलेल्या पाट्यांपैकी बहुतेक कायद्याने लावायला लावलेल्या आहेत. मीटरवर शून्य पाहूनच पेट्रोल घ्यावे, त्या दिवशीची घनता अमुक आहे, हवा मोफत मिळेल, हे त्यांचे विषय. ग्राहकाने मागितल्यास वैधमापन खात्याने प्रमाणित केलेल्या पाच लिटरच्या मापाने पेट्रोल मोजून दाखवावे लागते. दारावर हवा सोडण्याची धमकी आणि पंपावर ती फुकट भरण्याचे आश्वासन, अशी या शहरातील हवेची विभागणी आहे.

रिक्षा इंधनाच्या भाववाढीचा भार सर्वांत आधी सोसते. यांत्रिक मीटरच्या काळात दरवाढ झाली की हजारो मीटर नव्या दराला जुळवून घेईपर्यंत चालकाजवळ ‘दरपत्रक’ असे; मीटरवरील आकड्यासमोर प्रत्यक्ष भाडे लिहिलेला तो कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला असे, आणि त्यावरून उतारू व चालक यांच्यात होणारे वाद हे पुण्याच्या रस्त्यांवरचे नित्याचे दृश्य होते. इलेक्ट्रॉनिक मीटर आल्यावर तो कागद बहुतांशी गेला. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील रिक्षा पंचायतीने दरवाढीचे निकष ठरावेत यासाठी दीर्घकाळ आग्रह धरला. राज्याने नेमलेल्या हकीम समितीने २०१२ मध्ये इंधन, देखभाल व जीवनमान यांवर आधारलेले सूत्रही दिले. शहरातील रिक्षा सीएनजीवर, म्हणजे दाबाखाली साठवलेल्या नैसर्गिक वायूवर वळवण्यात आल्या तेव्हा पेट्रोलच्या भावापासून सुटका होईल असे वाटले होते, पण वायूही महागला, आणि १ सप्टेंबर २०२२ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये व पुढे प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये असा दर लागू झाला. रिक्षात ‘सुट्टे पैसे द्यावेत’ ही सूचना या साऱ्या चढउतारात कायम राहिली, आणि फोनवरून पैसे देण्याची सोय झाल्यावरच ती विरळ होऊ लागली.

पेट्रोलच्या भाववाढीवर ज्या अनेक ‘पुणेरी पाट्या’ फोनवरून फिरतात, त्यांच्याकडे इतिहासाचे साधन म्हणून सावधपणे पाहिले पाहिजे. त्यांतील बहुसंख्य कोणत्याही दारावर कधीच लटकलेल्या नाहीत. त्या संगणकावर तयार होतात आणि पुणेकराविषयीच्या कल्पनेला साजेसे रूप घेतात. ती कल्पना पक्की करण्यात मुंबईकर, नागपूरकर व पुणेकर यांची तुलना करणाऱ्या पु. ल. देशपांडे यांच्या लेखाचा आणि त्याच्या अभिवाचनाचा मोठा वाटा आहे. खरी पाटी आणि बनावट पाटी यांत फरक करण्याची एक कसोटी सांगता येईल: खऱ्या पाटीला एखादी नेमकी अडचण असते आणि ती वाचणाऱ्याने अमुक गोष्ट करू नये एवढीच तिची अपेक्षा असते, तर बनावट पाटीला वाचणाऱ्याची टाळी हवी असते. अलीकडे उपाहारगृहे व दुकाने मुद्दाम पुणेरी थाटाच्या पाट्या छापून लावतात, पोलीसही हेल्मेट आणि सिग्नलविषयीचे संदेश त्याच थाटात देतात. २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटसक्ती पुन्हा कडक झाली तेव्हा तिला झालेला विरोध पाहता या संदेशांचा परिणाम बेताचाच म्हणावा लागेल.

महापालिका व पोलीस यांच्या अधिकृत पाट्यांना विनोदाचे वावडे असले, तरी त्या पुण्याबाहेरच्या माणसाला कमी कोड्यात टाकत नाहीत. ‘पी-१’ आणि ‘पी-२’ हे फलक याचे उत्तम उदाहरण होत: रस्त्याच्या एका कडेला विषम तारखांना आणि दुसऱ्या कडेला सम तारखांना वाहने लावावीत, असा त्यांचा अर्थ असून, तारीख विसरलेल्या माणसाची गाडी टेम्पोत उचलून नेली जाते. पानिपतच्या युद्धानंतर १७६१ मध्ये लाकडात बांधला गेला म्हणून आजही ‘लकडी पूल’ म्हणवणाऱ्या संभाजी पुलावर अनेक वर्षे दुचाकींना बंदी होती, आणि डेक्कनहून अलका चौकाकडे जाऊ पाहणाऱ्या परगावच्या स्कूटरवाल्याला त्या बंदीची पाटी बहुधा पुलाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या पोलिसाकडून कळे. २०१८ मध्ये पुणे प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे नोंदलेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली, तेव्हा शहराची लोकसंख्या सुमारे ३५ लाख मानली जात होती, आणि त्या वाहनांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश दुचाकी होत्या. त्याच वर्षी महापालिकेने रस्त्यावर वाहन लावण्यासाठी पैसे आकारण्याचे धोरण मंजूर केले, त्यावर आंदोलने झाली आणि अंमलबजावणी रेंगाळली. पेट्रोलसाठी लिटरला काहीही मोजायला तयार असलेला वाहनचालक गाडी उभी करण्याच्या जागेसाठी मात्र काही मोजायला तयार नसतो, हे या प्रकरणात जितके उघड झाले तितके एरवी होत नाही; आणि ती जागा फुकट असल्यामुळेच तिच्यावरचा हक्क पाटीने सांगावा लागतो.

जुने वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींत तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडला जातो, तरी पाट्या थांबलेल्या नाहीत. ‘पाहुण्यांनी वाहने बाहेर लावावीत’ ही त्यांची नवी पिढी आहे. चेतक हे नाव जानेवारी २०२० मध्ये विजेवर चालणारी स्कूटर म्हणून परत आले, त्याची विक्री प्रथम पुणे व बंगळूर या दोन शहरांत सुरू झाली, आणि पुढील वर्षीच पेट्रोल शंभरावर गेल्याने अशा गाड्यांचा खप वाढण्यास मदत झाली. तेलाच्या भाववाढीने या वेळीही वाहन कमी केले नाही, त्याचा प्रकार तेवढा बदलला. गृहनिर्माण संस्थांच्या सूचनाफलकांवर आता सामाईक मीटरच्या विजेवर गाडी चार्ज करू नये, केल्यास दंड आकारण्यात येईल, असे कागद लागू लागले आहेत, आणि वार्षिक सभांमध्ये जागेच्या वादाबरोबर युनिटचा वादही विषयपत्रिकेवर घ्यावा लागतो.